दोघांना चालेल असं वल्हं

कात्रीबाईंच्या तोंडी लागू नये, हे त्या गल्लीत नव्याने राहायला येणाऱ्याला सामान उतरवायच्या आधी कळायचं. कपडे दुरुस्त करण्याचं त्यांचं दुकान होतं. नवीन शिवायचं नाही. बाही कमी कर, कंबर घे, चेन बदल, कोटाचं फाटकं अस्तर काढून दुसरं लाव, असली कामं. दिवसभर हातात कात्री म्हणून हे नाव पडलं, असं काहीजण सांगत. जीभ तशीच चालते म्हणून पडलं, असं बाकीचे सांगत. दोन्ही खरं धरा.

एखादी बाई आरशासमोर पोट आत ओढून म्हणाली, "मीच सुटलेय हो, कोट बिचारा काय करणार," की यांचं डोकं फिरायचं. "कोट बिचारा? तुम्ही कोटासाठी आहात की कोट तुमच्यासाठी? सोडा ते पोट आधी." ती बाई घाबरून पोट सोडायची आणि मग तिचं माप घेतलं जायचं. अंग कधी चुकत नाही, शिलाई चुकते, असं कात्रीबाई सांगायच्या, आणि ज्याला पटत नसेल त्याला पुढचं दुकान दाखवायच्या. आणि हीच बाई घरात पाऊल टाकलं की ओठांत टाचण्या धरल्यासारखी गप्प. याला काय म्हणावं?

घरात नवरा होता. विजेच्या मीटरचं रीडिंग घेत घेत निवृत्त झालेला. गाव त्याला मीटरवाले म्हणायचं. ताडमाड उंच माणूस. दारातून आत येताना सवयीने मान वाकवणारा. दारू नाही, पत्ते नाहीत, आवाज चढवणं नाही. बायको आजारी पडली तर रात्रभर उशाशी बसेल असा. फक्त त्याला एक खोड होती. घरात काहीही आणलं की तो ते टेबलावर ठेवायचा, दोन पावलं मागे सरायचा आणि समाधानाने म्हणायचा, "दोघांना चालेल."

सायकल आणली, दोघांना चालेल. ती चालवताना बाईंचे पाय पॅडलला जेमतेम पोहोचायचे आणि सिग्नलला त्यांना उडी मारून उतरावं लागायचं. रेनकोट आणला, दोघांना चालेल. त्याच्या बाह्या तीनदा दुमडल्या तरी बोटं बाहेर यायची नाहीत. चपला आणल्या, त्या जिन्यावर पायातून निसटायच्या. खुर्ची आणली, तिच्यात मागे टेकून बसलं की पाय लोंबकळायचे आणि पाय टेकवून बसलं की पाठ अधांतरी. दोघांना चालेल म्हणजे काय, तर त्यांना बसेल आणि हिला चालवून घेता येईल. सगळ्या गावाच्या बाह्या आखूड करणारी बाई स्वतः पावसात बाह्या दुमडून फिरायची. रेनकोट कापायला तिला किती वेळ लागला असता? पण कापला असता तर त्यांना घालता आला नसता ना. म्हणून दुमडायची.

तर अशा या बाईला पन्नाशीनंतर पाण्याचं वेड लागलं. मशीनवर वाकून वाकून खांदा धरला होता. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, आणि दुकानात कोट नीट करायला येणारी एक बँकवाली त्यांना ओढत तळ्यावर घेऊन गेली. गावाच्या कडेला मोठं तळं होतं, त्याच्या काठावर कयाकचा क्लब. कयाक म्हणजे एका माणसाची लांबट होडी. पाय पुढे पसरून बसायचं आणि दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे मारत जायचं. पहिल्या दिवशी बाई दोनदा बुडाल्या, क्लबच्या कोचला चार शब्द सुनावले, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन उभ्या राहिल्या.

कारण पाण्यावर कुणी येत नव्हतं. "बाई, उद्या लग्न आहे हो, एवढी कंबर घ्या ना," असं म्हणत कुणी होडीला लटकत नव्हतं. "अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास," असं कुणी ओरडलं तरी ऐकू येत नव्हतं. पहिल्यांदाच एक गोष्ट अशी होती की जी कुणी आणून दिली नव्हती, कुणाची उरलेली नव्हती आणि कुणाबरोबर वाटून घ्यायची नव्हती. बाई खूश होत्या. खूश म्हणजे गिऱ्हाइकांना शिव्या कमी मिळू लागल्या. होडी सरळ जाणं अजून जमायचं होतं, क्लबचं हाताला येईल ते वल्हं मारत त्या शिकत होत्या.

आणि मग मीटरवाल्यांनी वल्हं आणलं.

लांबलचक, काळं, जाड दांड्याचं. मधोमध सांधा होता. एका अर्ध्याची बारीक जीभ दुसऱ्या अर्ध्याच्या नळीत सरकवायची, एक बटण टक्कन बाहेर येऊन भोकात बसायचं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं. ते मावलंच नाही, दोन्हीकडून बाहेर आलं. दोन पावलं मागे सरले. पुढे काय म्हणाले ते आता मी परत सांगत नाही.

हा गृहस्थ आयुष्यात कधी होडीत बसला नव्हता. पाण्याला घाबरायचा. बादलीत हात घालतानाही बाही वर करून नीट बघून घालायचा. पण पुढेमागे बसावंसं वाटलं तर? मग वल्हं आपल्यालाही पुरायला हवं, हा हिशेब. बाईंना हे तेव्हाच कळलं होतं. तरी त्या म्हणाल्या, "छान आहे." का म्हणाल्या ते त्यांना विचारू नका, भडकतील.

त्या वल्ह्याने सगळं सुख नासवलं. बँकवाली सरळ जायची, कात्रीबाईंची होडी नागमोडी. वल्हं इतकं लांब की पातं होडीपासून फार दूर पडायचं, आणि दर मारामागे होडीचं नाक वळायचं. ते सरळ करण्यात निम्मी ताकद जायची. खांदे कानापर्यंत यायचे. दांडा मुठीत मावायचा नाही, म्हणून तो घट्ट आवळून धरावा लागायचा. काही महिन्यांत उजवं मनगट सुजायला लागलं. ज्या हाताने कात्री चालते तोच हात.

सगळ्यांनी सल्ले दिले. सल्ल्याला काय जातंय? बँकवाली म्हणाली, "वय झालं आपलं, शरीर बोलतंच." औषधाच्या दुकानातला म्हणाला, "मशीनचं काम कमी करा." आणि मीटरवाले संध्याकाळी काठावरच्या बाकावर बसून, पाण्यापासून चांगले लांब बसून, सूचना करायचे. "डावीकडे जरा जोर लाव. पाठ ताठ ठेव." उंटावरून शेळ्या हाकणं दुसरं काय असतं? एकदा बाईंनी होडीतून उतरताना म्हटलं, की वल्हं जड जातंय हो. तर ते हसून म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्यांनी मनगटाला पट्टी बांधली आणि स्वतःशीच म्हणाल्या, की माझाच हात चुकतोय. अंग कधी चुकत नाही असं गावाला ओरडून सांगणारी ही बाई, बघा.

त्यातच कोचने सांगितलं की यंदाची आरपार जवळ आली आहे. वर्षातून एकदा, वारा पडलेला असतो त्या दिवसांत, क्लबचे लोक तळं ओलांडून समोरच्या काठाला जायचे, तिथे दुपारपर्यंत बसायचे आणि परत यायचे. पलीकडे काही नव्हतं. झुडपं, चिखल, एक पडकी भिंत. रस्त्याने जायचं तर मोठा वळसा, म्हणून कुणी जात नसे. कात्रीबाईंचा सगळा जन्म या काठावर गेला होता आणि त्या काठावर त्यांनी एकदाही पाय ठेवला नव्हता. बाईंना तिथे जायचं होतं. कशाला, असं कुणी विचारलं तर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, आणि उत्तर लागतं कशाला? मनात आलं होतं आणि ते त्यांच्या एकटीच्या मनात आलं होतं.

कोचची एक अट होती. तळ्याच्या मध्यावर एक लाल पिंप तरंगत बांधलेलं होतं. रविवारी सगळ्यांनी त्याला वळसा घालून, मध्ये न थांबता परत यायचं. जो थांबेल तो आरपारला येणार नाही. यात सवलत नाही, कारण मधल्या पाण्यात कुणाचा हात थकला तर त्याला ओढून आणताना दुसऱ्याचा जीव धोक्यात येतो.

शनिवारी सकाळी कोचने बाईंना बाजूला घेतलं. कोच ही चाळिशीची, सावकाश बोलणारी बाई होती. तिने मनगटावरची पट्टी सोडली, सूज बघितली आणि म्हणाली, "ताई, मी तुम्हाला आधीही म्हटलं होतं. हे वल्हं तुमचं नाही."

"माझंच आहे. घरून आणलंय."

"तसं नाही म्हणत मी. होडी किती रुंद, बसणाऱ्याची उंची किती, मूठ केवढी, यावर वल्हं ठरतं. हे रुंद होडीतल्या उंच माणसाचं वल्हं आहे. तुम्ही अरुंद होडीत बसता. क्लबचं घ्या ना दुसरं."

आता इथे बाईंनी हो म्हणायला काय हरकत होती? पण चारचौघांत नवऱ्याने आणलेल्या वस्तूला नावं ठेवलेली त्यांना खपेना. घरचं घरात. त्यांनी पट्टी परत गुंडाळली. "लांबच आहे ना? मग मी करते की कमी. माझा धंदाच तो आहे."

कोच म्हणाली, "ताई, ते कापायचं काम नाही." पण तोवर बाई निघाल्या होत्या.

दुपारी दुकान बंद करून त्यांनी वल्हं कापायच्या टेबलावर आडवं टाकलं. शेजारच्या प्लंबरकडून लोखंड कापायची करवत आणली होती. टेप लावला. पँट लांब असेल तर पायातून कमी करतात, पण इथे दोन्ही पायांत पाती. मग कमरेतून कमी करायची. म्हणजे मधल्या सांध्याशी. बाईंनी खडूने खूण केली. आणि आता त्यांची ती जन्माची शिस्त आडवी आली. एक बाही आखूड आणि एक लांब, असलं काम त्यांनी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. जेवढं डावीकडून, तेवढंच उजवीकडून. दोन्ही अर्ध्यांना सारखी खूण, दोन्ही अर्ध्यांवर सारखी करवत. किस उडत होता, मनगट ठणकत होतं, आणि बाई दात ओठ खात, एकेक वर्षाचा राग त्या दांड्यावर काढत होत्या. सायकलीचा काढला. रेनकोटाचा काढला. खुर्चीचा जरा जास्तच काढला.

कापून झालं, कडा घासून झाल्या, आणि त्यांनी दोन्ही तुकडे जोडायला समोरासमोर धरले.

जीभ नव्हती. एका अर्ध्याची जी बारीक जीभ दुसऱ्यात सरकायची, ती खाली फरशीवर पडली होती. बटणही तिच्यातच. दुसऱ्या अर्ध्याचं भोकही कापलेल्या तुकड्याबरोबर गेलं होतं. हातात उरल्या होत्या दोन सारख्या, उघड्या तोंडाच्या नळ्या, एकीत दुसरी जाईना. कपड्याच्या शिलाईत आत थोडं कापड दाबलेलं असतं. चुकलं तर उसवून सोडता येतं. या दांड्यात कुणी काही दाबून ठेवलं नव्हतं. असली चूक प्लंबरने केली नसती, सुताराने केली नसती. ती गावातल्या सगळ्यात नेटक्या हाताच्या बाईनेच करायची होती.

नेमके तेव्हाच मीटरवाले चहाला बोलवायला दारात आले. मान वाकवून आत आले आणि मान तशीच राहिली.

"अगं, हे काय केलंस?"

"कमी केलं."

"अगं, पण नवं वल्हं ते. मी एवढं प्रेमाने आणलेलं."

बास. एवढंच हवं होतं. इतक्या वर्षांच्या टाचण्या एकदम तोंडातून बाहेर आल्या.

"प्रेमाने आणलंत, कबूल. कुणासाठी आणलंत?"

"तुझ्यासाठीच की. होडीत कोण बसतं?"

"मग माझी उंची किती ते सांगा."

ते गोंधळले. "म्हणजे?"

"साधा प्रश्न आहे. माझी उंची किती?"

त्यांनी बायकोकडे बघितलं, मग हवेत हात धरून आपल्या खांद्याखाली कुठेतरी आणला. "इथपर्यंत येतेस."

"इथपर्यंत म्हणजे किती?"

त्यांनी हवेतला हात जरा वर घेतला, मग खाली.

"बरं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या घरचा मीटर नंबर सांगा."

आणि त्या माणसाने तो सांगितला. एका दमात, मधे न अडखळता, सगळे आकडे. निवृत्त होऊन इतका काळ लोटला होता तरी. सांगून झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर समाधान दिसलं, आणि मग त्यांना कळलं की आपण काय केलं.

बाई म्हणाल्या, "तुमची कॉलर मला माहीत आहे. बाही माहीत आहे. डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली आहे, तो कुठल्याच शर्टात दिसू नये म्हणून मी आत पट्टी घालते, हे तुम्हालासुद्धा ठाऊक नाही. आणि माझी उंची तुम्हाला हवेत दाखवावी लागते."

"तू कधी बोलली नाहीस," ते हळू आवाजात म्हणाले. "आमच्याकडे पाच भावंडांत एक सायकल होती. एकट्यापुरतं काही आणायचं नाही, असंच शिकलो. मी कधी माझ्यापुरतं वेगळं आणलं का? सगळं वाटूनच घेतलं ना?"

"वाटून नाही घेतलंत. तुमच्या मापाचं आणलंत आणि मला वापरू दिलंत."

वाईट माणूस असता तर भांडण सोपं होतं. चार शिव्या देता आल्या असत्या. पण समोर डोळ्यांत पाणी आलेला, चहा टाकून बोलवायला आलेला उंच माणूस उभा होता, आणि त्यामुळे बाईंचा राग निम्मा त्याच्यावर आणि निम्मा स्वतःवर उलटत होता. न बोलणारी मीच ना? बाह्या दुमडणारी मीच ना? गावाला मापं शिकवली आणि स्वतः कोपऱ्यात दुमडून बसले. त्यांनी दोन्ही तुकडे उचलून कचऱ्याच्या पिशवीत टाकले, आणि चहा न घेताच मशीनवर जाऊन बसल्या.

रविवारी सकाळी त्या रिकाम्या हाताने तळ्यावर गेल्या. कोचने वल्हं कुठे आहे असं विचारलं नाही. वल्ह्यांच्या खोलीचं दार उघडलं. भिंतीला खुंट्या, खुंट्यांवर वल्ही. लांब, आखूड, रुंद पात्यांची, निमुळत्या पात्यांची.

"निवडा," कोच म्हणाली.

बाई उभ्याच राहिल्या. गावात कुणालाही काय शोभेल ते नजरेच्या एका फेकीत सांगणाऱ्या बाईला काही सुचेना. मला कुठलं बसेल, हा प्रश्न त्यांनी आजवर कधी सोडवलाच नव्हता. शेवटी त्यांनी हात घातला तो एका लांबट वल्ह्याला. "हे बरंय. याला खिट्टी आहे, लांब-आखूड होतं. कुणालाही..."

आणि मधेच थांबल्या. आपलंच बोलणं आपल्या कानावर पडलं की कधीकधी थोबाडीत बसल्यासारखं होतं. त्यांनी ते वल्हं खुंटीवर इतक्या जोरात परत अडकवलं की शेजारची दोन हलली.

"मला सांगा कसं निवडतात," त्या म्हणाल्या. "सगळं सांगा."

कोचने सांगितलं. वल्हं शेजारी उभं धरायचं, हात सरळ वर करायचा, वरच्या पात्याच्या कडेवर बोटं नुसती मुडपली पाहिजेत. फार वर राहिलं तर लांब, मनगट कडेच्या वर गेलं तर आखूड. मग मूठ, दांड्याभोवती अंगठा आणि बोट आरामात भेटलं पाहिजे. मग पातं, मोठं पातं जास्त पाणी ओढतं आणि त्याचं ओझं मनगटावर येतं. तुमच्या हाताला आत्ता छोटं हवं. बाईंनी एकेक काढून बघितलं. हे नको. हेही नको. बाहेर लोक खोळंबले होते, बँकवाली दोनदा डोकावून गेली. बाईंनी तिला सांगितलं, "थांबा जरा. मी माझं बघतेय." हे वाक्य बोलताना त्यांना बरं वाटलं.

शेवटी एक करडं वल्हं हाताला लागलं. जुनं, पात्यावर चरे पडलेलं, हलकं. हात वर केला तर बोटं कडेवर अलगद मुडपली. मुठीत दांडा असा बसला की बाईंनी एकदा मूठ उघडून पुन्हा मिटून बघितली.

पाण्यात उतरल्यावर पहिल्या दहा हातांतच कळलं. होडी सरळ जात होती. नाक वळत नव्हतं, खांदे खाली होते. पातं होडीच्या अगदी कडेने पाण्यात जात होतं आणि होडी पुढे सरकत होती. एवढंच. इतकं सोपं होतं हे? बाईंना आनंद व्हायला हवा होता. त्यांना रडू आलं, आणि ते रागाचं होतं. म्हणजे इतके महिने मी झुंजत होते, ते पाण्याशी नव्हतंच. बाकी सगळ्यांना पहिल्या दिवसापासून हे असं सरळ जात होतं? मीच मेली नागमोडी? डोळे पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून त्यांनी तोंडाने एक शिवी दिली, आणि बँकवालीला मागे टाकलं.

लाल पिंपाला वळसा घातला तेव्हा त्या पुढच्या चौघांत होत्या. काठ समोर दिसत होता. आणि तिथे मनगट गेलं.

चांगल्या वल्ह्याने ते दुखवलं नव्हतं. ते आधीच दुखावलेलं होतं, महिनोन्महिने. आत काहीतरी चटकलं, बोटं आपोआप उघडली. बाईंनी डाव्या हाताने वल्हं धरून ठेवलं, उजवी मूठ पुन्हा आवळली, ती आवळेना. पुन्हा आवळली. होडी थांबली. एकेकजण बाजूने पुढे गेला. बँकवाली जाताना म्हणाली, "सावकाश या हो, घाई नाही," आणि बाईंना तिला पाण्यात ढकलावंसं वाटलं. शेवटी कोच आली, तिने दोरी लावली आणि होडी ओढत काठाला आणली. बाई पूर्ण रस्ताभर ताठ बसून होत्या.

काठावर लोक जमले. वय, हवा, नशीब, सगळ्यांची नावं निघाली. कुणीतरी म्हणालं, "पुढच्या वर्षी."

"वय नाही," कात्रीबाई म्हणाल्या. "हे वल्हं मला सुरुवातीला मिळायला हवं होतं. मी घेतलं नाही, आणि मला कुणी दिलं नाही. एवढंच झालंय. वयाला मधे आणू नका."

कोच म्हणाली, "ताई, या वर्षी मी तुम्हाला नेऊ शकत नाही."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. समोरच्या काठाकडे त्यांनी बघितलं नाही.

मीटरवाले आले होते. बाकावर बसले नव्हते, पाण्याच्या अगदी कडेला येऊन उभे होते, बूट भिजलेले. टॉवेलात बर्फ गुंडाळून आणलं होतं; कधी जाऊन आणलं कोण जाणे. त्यांनी बायकोच्या मनगटावर बर्फ धरलं आणि दुसऱ्या हाताने तिच्याकडचं वल्हं काढून घेतलं. ते हलकं बघून त्यांना नवल वाटलं. उचलून पाहिलं. मग, अगदी निरागसपणे, ते जमिनीवर टेकवून आपल्या शेजारी उभं केलं, सकाळी काठावर क्लबच्या एकाने माप घेताना केला होता तसा हात वर केला, आणि त्यांचा हात पात्याच्या खूप वर गेला.

"जरा आखूडच आहे गं हे," ते म्हणाले.

बँकवालीने दुसरीकडे बघायला सुरुवात केली.

बाईंनी बर्फाचा टॉवेल खाली ठेवला. वल्हं त्यांच्या हातातून घेतलं. लोकांना वाटलं आता पेटणार. पण त्यांचा आवाज चढला नाही; दुकानात माप घेतानाचा जो आवाज, तोच होता.

"तुम्ही बाजूला व्हा."

ते बाजूला झाले. बाईंनी वल्हं स्वतःच्या शेजारी उभं केलं, पाठ सरळ केली आणि सुजलेला उजवा हात वर नेला. बोटं पात्याच्या कडेवर बरोबर मुडपली.

"आता बघा," त्या म्हणाल्या.

त्यांनी बघितलं. चटकन बघून मान हलवली आणि पुढे काही बोलणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, "नाही. नीट बघा. घाई नाही मला."

मग मात्र तो माणूस खरंच बघत राहिला. टाचेपासून बोटांपर्यंत, सावकाश. हात ठणकत होता, खांदा भरून आला होता, तरी त्याचं बघून होईपर्यंत कात्रीबाईंनी हात खाली घेतला नाही.